सव्वासहा बटणांची जीप

लेगोच्या ठोकळ्यांची जीप करायची ठरवलं की पहिला प्रश्न जीपचा नसतोच, चाकाचा असतो. बाकीची गाडी तुमच्या कल्पनाशक्तीवर सोडलेली असते; चाक मात्र कंपनी देईल त्याच मापाचं घ्यावं लागतं. टायर तासून लहान करता येत नाही, आणि काही चिकटवून मोठा केलात तर या छंदातली माणसं तुमच्याशी बोलणं सोडतात. माझ्या डब्यात खोल खाचांचं, चिखलात जाईलसं वाटणारं एकाच जातीचं चाक होतं, २४ मिलिमीटर व्यासाचं. जुन्या नागरी विलीज जीपचं चाक टायरसकट साधारण ७२ सेंटिमीटर भरतं. भागाकार केला, एकास तीस. झालं, प्रमाण ठरलं. डिझायनर म्हणून त्यात माझं योगदान एवढंच, की डबा मी उघडला.

मग खऱ्या जीपची मापं काढली. दोन आसांमधलं अंतर ८० इंच, रुंदी ५९, लांबी १३० च्या आसपास. त्यांचे मिलिमीटर केले, तिसाने भागले, आणि आलेल्या उत्तराला पुन्हा आठाने भागलं. कारण लेगोच्या ठोकळ्यावर जे गोल उंचवटे असतात ते एकमेकांपासून ८ मिलिमीटरवर असतात. जाणकार त्यांना स्टड म्हणतात, आमच्या घरात बटणं म्हणतात. उत्तरं आली ती अशी: आसांमधलं अंतर साडेआठ बटणं, रुंदी सव्वासहा, लांबी पावणेचौदा. मंडईत हे आकडे खपले असते. लेगोत पाव आणि पाऊण विकत मिळत नाही. अर्ध्यासाठी तेवढी सोय आहे. जंपर नावाची एक चपटी पट्टी येते, तिच्यावर दोनाच्या जागी मधोमध एकच बटण असतं, त्यामुळे वरचा भाग अर्धं पाऊल सरकवता येतो. तेव्हा साडेआठ जमले. सव्वासहापुढे मात्र जंपरनेही हात टेकले. गाडी सहा बटणं रुंद झाली आणि उरलेलं पाव बटण मी मडगार्डच्या खाती टाकलं. सरकारी अंदाजपत्रकात ‘इतर किरकोळ’ असतं ना, त्या धर्तीवर.

‘छोटी आहे म्हणजे सोपी असेल’ असं म्हणणारे लोक भेटतात. त्यांना काय सांगावं? लेगो कंपनीने २०१९ मध्ये लँड रोव्हर डिफेंडरचा जो मोठा संच काढला, त्यात २,५७३ तुकडे होते. एवढे तुकडे हाताशी असले की एखादं बटण इकडचं तिकडे झालं तरी कोणाला पत्ता लागत नाही. आत गिअरबॉक्स बसतो, सस्पेन्शन बसतं, वर टपावर सामानही चढतं. पण गाडीच मुळात चौदा बटणं लांब असली, तर एक बटण म्हणजे खऱ्या गाडीतले चोवीस सेंटिमीटर. ते चुकलं की बॉनेट आखूड होऊन जीपची रिक्षा होते. हे मी अलंकारिक बोलत नाही. पहिला सांगाडा टेबलावर उभा केला तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, “अहो, रिक्षा छान झालीय.”

पत्र्याचं तर विचारूच नका. लेगोतली सगळ्यात पातळ सपाट पट्टी, जिला प्लेट म्हणतात, ती ३.२ मिलिमीटर जाड असते. तिसाने गुणा. माझ्या जीपचं मडगार्ड खऱ्या मापात साडेनऊ सेंटिमीटरहून जाड निघालं. एवढ्या जाड पत्र्याची गाडी खरोखर केली असती, तर पुण्यातल्या कोणत्याही चौकात तिच्या वाटेला जायची पीएमपीच्या बसचीही हिंमत झाली नसती. बटणांचाही हिशेब असाच. एकेक बटण ४.८ मिलिमीटर रुंद, म्हणजे खऱ्या बॉनेटवर जवळजवळ साडेचौदा सेंटिमीटर रुंदीची टेंगळं, ओळीने. ती झाकायला टाइल लावतात. टाइल म्हणजे बिनबटणाची गुळगुळीत प्लेट. यावरून छंदात दोन तट आहेत. एकांचं म्हणणं, एकही बटण दिसता कामा नये, गाडी गाडीसारखी दिसली पाहिजे. दुसऱ्यांचं म्हणणं, बटणंच झाकायची तर लाकडातून कोरून घ्या ना, लेगो कशाला हवं? दोन्ही तटांत विद्वान आहेत आणि दोन्हीकडचे एकमेकांच्या गाड्यांना ‘प्रयत्न चांगला आहे’ म्हणतात. मराठी साहित्यव्यवहार ज्याने जवळून पाहिलाय त्याला इथे परकं वाटणार नाही.

माझं मत विचाराल तर बॉनेट गुळगुळीत हवं आणि मागच्या हौद्यात बटणं उघडी हवीत. जीपच्या हौद्यात काहीतरी खुपलंच पाहिजे.

एक मात्र मानलं पाहिजे. गाड्यांच्या साऱ्या जातीत जीप ही मुळातच ठोकळ्यांची असल्यासारखी दिसते, आणि तिच्या जन्माची हकिकत वाचली की कारणही कळतं. १९४० साली अमेरिकी सैन्याने छोट्या, चारी चाकांना जोर असलेल्या गाडीचा नमुना ४९ दिवसांत मागितला. वजन १,३०० पौंड, म्हणजे ५९० किलोच्या आत हवं अशी अट घातली. ती पाळणं कोणालाच जमलं नाही, सैन्यालाही ती पुढे सैल करावी लागली. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम नावाच्या लहानशा कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावलं. त्याने आराखडा दोन दिवसांत काढला, आणि २३ सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास असताना, गाडी सैन्याच्या छावणीच्या फाटकात नेऊन उभी केली. एवढ्या घाईत नाजूक वळणाचा पत्रा ठोकत बसायला वेळ कोणाला होता? सगळं सपाट, सगळं काटकोनात. पुढे १९४७ पासून महिंद्रांनी विलीज कंपनीच्या जीपा इथे जोडायला घेतल्या, त्याही सुट्या भागांतून. आपल्याकडची जीप अशी पहिल्यापासूनच खोक्यातून निघालेली आहे.

प्रोब्स्टचे ते दोन दिवस मला अधूनमधून टोचतात. खऱ्या जीपचा आराखडा दोन दिवसांत. माझं तेव्हा पुढच्या जाळीवरच अडलेलं होतं.

जाळी हा जीपचा चेहरा. युद्धातल्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी होत्या, नागरी जीपला सात आल्या. सात फटी म्हणजे त्यांच्यामधल्या आणि कडेच्या मिळून आठ पट्ट्या. एकूण पंधरा. आता गंमत ऐका. लेगोच्या प्लेटा आडव्या न ठेवता उभ्या केल्या, तर पाच प्लेटांची जाडी नेमकी दोन बटणांएवढी होते, कारण पाच गुणिले ३.२ बरोबर १६. मग पंधरा प्लेटा बरोबर सहा बटणं! आणि माझी गाडी सहा बटणं रुंद! एक काळी, एक पांढरी, एक काळी, एक पांढरी. सातही फटी ऐटीत बसतात, कुठे पाव नाही की पाऊण नाही. रात्री एक वाजता हा हिशेब जुळल्यावर जो आनंद झाला तो सांगण्यासाठी मी कोणाला तरी उठवणार होतो, पण ते घर माझं एकट्याचं नाही.

सकाळी लक्षात आलं की दिवे लावायला जागाच राहिली नाही.

जीपचे दिवे मडगार्डवर नसतात, जाळीतच दोन्ही बाजूंना बसवलेले असतात. दोन दिव्यांची दोन बटणं गेली की जाळीला उरली चार. चारात दहा प्लेटा. दहात पट्ट्या आणि फटी आळीपाळीने बसवल्या तर एकतर डाव्या कडेला पट्टी येते आणि उजव्या कडेला फट, म्हणजे गाडीचा एक दात पडल्यासारखा. नाहीतर चार फटी आणि मध्ये एक जाड पट्टी. सात फटींचं स्वप्न सोडावं लागलं आणि पुढच्या संध्याकाळचा वेळ ‘किती फटींची जीप लोक जीप म्हणून ओळखतात’ या संशोधनात गेला. निष्कर्ष असा निघाला की फटी कोणीच मोजत नाही, आणि दिवे नसले तर कोणीच ओळखत नाही. उभी काच, सपाट मडगार्ड, जाळीतले दोन गोल डोळे, एवढं असलं की जीप. फटींच्या जागी शेवटी मी कंपनीची तयार जाळीदार टाइल लावली आणि तिच्याकडे बारकाईने बघणाऱ्यांना चहा विचारणं बंद केलं.

फटी कोणी मोजत नाही हे वाक्य घरगुती प्रेक्षकांपुरतं. वकील मोजतात. महिंद्रांनी अमेरिकेत रॉक्सर नावाची जीपवजा गाडी आणली तेव्हा जीपच्या मालकांनी, म्हणजे तेव्हाच्या फियाट क्रायस्लरने, २०१८ मध्ये तिकडच्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली की हिचं रूप आमच्या जीपसारखं आहे. २०२० मध्ये निकाल महिंद्रांच्या विरोधात गेला आणि रॉक्सरला नवं तोंड घ्यावं लागलं. दोन मोठ्या कंपन्या ज्या चेहऱ्यावरून भांडल्या, तो मी चार बटणांत बसवत होतो. बसवलं त्यात फारसं साम्य उरलं नव्हतं हे कायद्याच्या दृष्टीने बरंच झालं.

यानंतर माणसं. लेगोचा पिवळ्या तोंडाचा छोटा माणूस १९७८ मध्ये आला आणि तेव्हापासून त्याने कुठल्याच मापाला जुमानलेलं नाही. उंचीने तो चार सेंटिमीटर, म्हणजे माझ्या जीपशेजारी उभा केला तर चार फुटांचा. रुंदीला मात्र हातांसकट अडीच सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पंचाहत्तर सेंटिमीटर खांद्यांचा. तिसरीतल्या मुलाची उंची आणि दाराच्या चौकटीएवढे खांदे असा हा गृहस्थ गाडीत बसवायचा. दिवाळीत आम्ही मातीचे किल्ले करायचो तेव्हा ही अडचण कधी आली नाही. दरवाज्यावरचा मावळा दरवाज्याहून उंच असायचा आणि सिंहासनावरचे महाराज अख्ख्या बालेकिल्ल्यापेक्षा मोठे. तिथे आकार मानावर ठरायचा आणि ते सगळ्यांना पटायचं. माझ्या जीपमध्ये तो नियम लावला असता तर अनर्थ झाला असता. का, ते सांगतो.

ही जीप मी पंचायत समितीची करायची ठरवली होती. लष्करी हिरवी करण्याचा मोह होता, पण आधुनिक युद्धाची खेळणी करायची नाहीत असं लेगोचं जुनं धोरण आहे. त्या रंगात हवे ते तुकडे हुडकत फिरण्यापेक्षा पांढरा बरा. पांढरे तुकडे भरपूर मिळतात, आणि जुने पांढरे तुकडे उन्हाने हळूहळू पिवळट पडतात. नव्या गाडीला हा दोष, पण शासकीय जीपला तो रंगकाम केल्यासारखा शोभतो. पुढे टाइलवर ‘महाराष्ट्र शासन’ची पट्टी. राहता राहिले साहेब आणि ड्रायव्हर. मानावर आकार ठरवला असता, तर एकटे साहेबच गाडीत मावले नसते. सहा बटणांतून दोन्ही बाजूंच्या भिंती वजा केल्या की आत चार बटणं राहतात. दोन लेगोमाणसं कागदोपत्री त्यात मावतात, कारण एकाचं बूड दोन बटणांचं. पण त्यांचे हात एकमेकांत अडकतात. खुद्द कंपनीने आपल्या शर्यतीच्या छोट्या गाड्या २०२० मध्ये सहावरून आठ बटणं रुंद केल्या, तेव्हा कुठे त्यांत दोघं शेजारी बसू लागले. माझ्यापुढे दोनच मार्ग होते. साहेबांना बसवून ड्रायव्हरला उतरवायचं, तर गाडी चालणार कशी? आणि ड्रायव्हरला बसवून साहेबांना उतरवायचं म्हणजे शासनाचा अवमान. शेवटी साहेब कार्यालयात मीटिंगमध्ये आहेत, ड्रायव्हर समोरच्या टपरीवर चहाला गेला आहे आणि जीप रिकामी उभी आहे, असं दृश्य कल्पिलं. तपशिलाच्या दृष्टीने माझ्या सगळ्या कामात हाच भाग सर्वांत अचूक आहे.

डिझाइन आता संगणकावर करतात. हे प्रकरण १९९५ मध्ये जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने लिहिलेल्या एलड्रॉ नावाच्या प्रोग्रॅमपासून सुरू झालं. आज ब्रिकलिंक या संकेतस्थळाचं ‘स्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात जगातले जवळजवळ सगळे तुकडे हव्या त्या संख्येने वापरता येतात. तिथे पैसे लागत नाहीत, तुकडा सोफ्याखाली जात नाही, आणि गुरुत्वाकर्षण नाही. त्यामुळे पडद्यावर माझी स्टेपनी एका बटणावर महिनोन् महिने लटकून असते. प्रत्यक्षात दार जोरात लागलं तरी खाली. पडद्यावर बंपर गडद तांबडा करता येतो. प्रत्यक्षात तो तुकडा त्या रंगात कधी निघालेलाच नसतो. आणि मिळाला तरी तो परदेशातल्या कोणा विक्रेत्याकडे, तुकड्याच्या किमतीच्या कित्येक पट टपालखर्चासह. त्यावर आपलं सरकार आहेच. खेळण्यांवरची मूळ आयातशुल्काची टक्केवारी २०२० मध्ये २० वरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. देशी खेळणी वाढावीत हा हेतू चांगलाच आहे. पण जंपर पट्टी मागवताना मला स्वतःबद्दल तस्करासारखं वाटतं.

कायद्यावरून आठवलं. या छंदात ‘बेकायदेशीर जोडणी’ नावाचा प्रकार आहे. दोन बटणांमधली फट आठ वजा ४.८, म्हणजे ३.२ मिलिमीटर. प्लेटची जाडीही ३.२. तेव्हा प्लेट उभी करून बटणांच्या फटीत खुपसता येते, अगदी चपखल. कंपनीचे डिझायनर मात्र हे संचात करत नाहीत, कारण त्याने तुकड्यांवर ताण येतो आणि कालांतराने ते वाकतात. माझ्या जीपची मागची फळी अशीच बसवलेली आहे. पंचायत समितीच्या गाडीत एखादी गोष्ट नियमबाह्य असावी, यात मला वास्तववाद दिसतो.

गणिताचीही एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर विसरेन. दोन गुणिले चार बटणांचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे किती प्रकारे जोडता येतात, हे कोपनहेगनच्या एका गणितज्ञाने संगणकावर मोजून काढलं: ९१,५१,०३,७६५. सहा ठोकळ्यांत एक्क्याण्णव कोटी! आकडा ऐकून मुलगा म्हणाला, “मग त्यातली एक तरी जीप असेल ना, बाबा?” नाही. मी बरीच बघितली.

जीप पूर्ण झाली. काच पुढे पाडता येते, कारण तिला क्लिपची बिजागरी आहे. माझ्या मते गाडीतला सर्वांत सुंदर भाग तो. चाकं वळत नाहीत. वळवायची तर बॉनेटखालची सगळी जागा त्यातच जाते, आणि कार्यालयासमोर उभ्या गाडीला वळायचं कारण नाही. मग ती बघायला माणसं आली, आणि प्रत्येकजण आपापली जीप शोधू लागला. हे मला आधी सुचलं नव्हतं, पण मजेशीर होतं. शेजारच्या काकांना निवडणुकीची जीप आठवत होती. ते टपावर कर्णा शोधत होते. कराडकडच्या मामांनी गाडी उचलून उलटी केली, मागून पाहिली आणि विचारलं, “आरं, पर माणसं लोंबकळायला मागं दांडा कुठाय? वडाप बिनदांड्याचं कसं चालंल?” ही वडापची भाड्याची जीप नाही, सरकारी जीप आहे, असं सांगितल्यावर त्यांचा उत्साह ओसरला. सरकारी जीपमध्ये त्यांना कोणी कधी बसवलं नव्हतं.

शेवटी आमच्याच इमारतीतले निवृत्त ड्रायव्हरकाका आले. उभा जन्म एका पंचायत समितीची जीप चालवली. त्यांनी जाळी पाहिली नाही, काच पाडून बघितली नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी थेट आत डोकावलं.

“गिअरचे दांडे?” त्यांनी विचारलं.

एक दाखवला. तोही मी अगदी बारीक अँटेनाच्या तुकड्याचा केला होता.

“तीन असतात,” काका म्हणाले. “एक गिअरचा. एक पुढच्या चाकांना जोर लावायचा, एक हाय-लोचा. ते नसले तर चिखलातून काढणार कशी? पावसाळ्यात साहेबांना घेऊन नदीपलीकडे जायचं असलं म्हणजे?”

मी जागा दाखवली. चार बटणांत ड्रायव्हरची सीट, साहेबांची सीट आणि मधल्या फटीत तो एक दांडा. आणखी दोन घुसवायचे तर काहीतरी काढावंच लागणार होतं.

“मग साहेबांची सीट काढा,” काका म्हणाले. नंतर थोडं थांबून, पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, “काढा साहेबांची सीट. मागे बसतील.”

मी काढली. काकांनी स्वतःच्या हाताने तिथे दोन दांडे खोचले आणि चहाही घेतला. दोन कप.